सस्पेन्शनचा पहिला बदल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

स्पोर्ट्स कारचे सस्पेन्शन सुधारायचे म्हणजे गाडी खाली बसवायची, हा या विषयातला सर्वांत जुना आणि खिशाला सर्वांत महाग पडणारा गैरसमज आहे. तो तपासायला शिरूर तालुक्यात घरचेच उदाहरण मिळते. रांजणगाव एमआयडीसीतील फियाटच्या कारखान्यात तयार झालेली अबार्थ पुंटो २०१५ मध्ये बाजारात आली. १४५ अश्वशक्तीचे टर्बो इंजिन, चारही चाकांना डिस्क ब्रेक, साध्या पुंटोपेक्षा कडक स्प्रिंग आणि जमिनीपासूनची उंची १५५ मिलिमीटर. गाडी खाली बसवण्याचे काम कंपनीनेच उरकलेले होते.

आणखी ३० मिलिमीटर उतरवल्यास काय होते, ते साध्या गणिताने कळते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. पुंटोच्या पुढच्या-मागच्या चाकांत २.५१ मीटर अंतर आहे. असा गतिरोधक ओलांडताना चारही चाके त्याच्या चढ-उतारावर असतात, त्यामुळे मधला उंचवटा गाडीच्या पोटाखालची साधारण ४६ मिलिमीटरच जागा खातो. पण गावात शिरताना लागणारे अरुंद, घरगुती मापाचे गतिरोधक दोन्ही चाकांच्या मध्ये मावतात आणि पूर्ण १०० मिलिमीटर खातात. मग उरतात ५५. त्यातून ३० गेले, तर चार माणसे बसल्यावर पोट घासणारच.

खाली बसवलेली गाडी वळणावर हमखास चांगली धरते, हेही अर्धसत्य आहे. गुरुत्वमध्य खाली आल्याने वजनाचे सरकणे किंचित कमी होते, हे खरे. मात्र पुढे मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या गाडीत लोअर आर्मचा कोन बिघडतो आणि गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा अधिक वेगाने खाली जातो. स्प्रिंग तेवढीच ठेवली, तर गाडी उलट जास्त कलू शकते. चाकाला वर जायला जागाही कमी उरते. स्टॉपरवर आपटले, की त्या चाकाची पकड अचानक बदलते. गॅरेजमध्ये स्प्रिंगचे वेढे कापण्याचा उपाय तर विचारातही घेऊ नये. कापलेली स्प्रिंग कडक होते, पण शॉकअपचे गणित जुनेच राहते, आणि चाक पूर्ण लोंबले की ती बैठकीतून निसटू शकते.

गाडीचे वजन शॉकअप पेलतो, अशी समजूत सर्रास आढळते. वजन स्प्रिंग पेलते. दबलेली स्प्रिंग उसळते, ती उसळी शमवणे हे शॉकअपचे काम. त्याचे महत्त्व दौंड तालुक्यातल्या रस्त्यांवर चांगले उमगते. भीमाकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. त्यावरचा डांबरी रस्ता काही वर्षांत लाटांसारखा होतो, त्यात गळीत हंगामातल्या उसाच्या ट्रॉल्यांचे वजन. साध्या गाडीची सेकंदाला एक ते दीड वेळा हेलकावण्याची नैसर्गिक लय असते. ताशी ७२ किलोमीटर वेगात, म्हणजे सेकंदाला २० मीटर जाताना, दर १५ मीटरला येणारी लाट नेमकी याच लयीत गाडीला झोके देते. शॉकअप थकलेला असेल, तर प्रत्येक लाटेगणिक हेलकावा वाढत जातो. अशा ठिकाणी नवी स्प्रिंग निरुपयोगी आहे. चांगला शॉकअप मात्र पहिल्याच फेरीत जाणवतो.

कडक म्हणजे स्पोर्टी, हा समजही रेसट्रॅकवरून आलेला. ट्रॅक गुळगुळीत असतो. पाटस-बारामती मार्गावरच्या रोटी घाटासारख्या ठिकाणी वळणातच खड्डा आला, तर अति कडक सस्पेन्शनवरचे चाक क्षणभर हवेत राहते आणि हवेतल्या टायरला पकड नसते.

मग पैसे पहिल्यांदा कुठे घालावेत? दहा वर्षांच्या गाडीत लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड आणि स्ट्रटचे वरचे माउंट यांचे रबर बहुधा संपलेले असते. ते नवे बसवले, की गाडी ‘सुधारली’ असे वाटते. प्रत्यक्षात ती फक्त मूळ अवस्थेत आलेली असते. टायरचेही तसेच. बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचावा : ३५१९ म्हणजे २०१९ चा पस्तिसावा आठवडा. नक्षी खोल दिसली, तरी रबर कडक झालेले असू शकते. एवढे झाल्यावर मूळ उंचीला जुळणारे चांगल्या प्रतीचे शॉकअप घ्यावेत. उंची कमी-जास्त करता येणारे कॉइलओव्हर महाग असतात, आणि स्वस्तातल्या संचांत बरेचदा उंचीच तेवढी बदलते, शमन नाही.

जाड अँटी-रोल बारने पकड सगळीकडे वाढते, असे नाही. तो भार एका बाजूच्या चाकावरून दुसऱ्या बाजूला ढकलतो. पुढच्या चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत पुढचा बार जाड केला, तर वळणात नाक बाहेर जाण्याची खोड वाढते. पुंटोला मागे टॉर्शन बीम आहे, तो स्वतःच काहीसा बारसारखा वागतो.

कोणताही भाग बदलला, की व्हील अलाइनमेंट करावे लागते. उंची बदलल्यास टो आणि कॅम्बर दोन्ही सरकतात आणि टायर एका कडेने खातात.

‘गाडी आपली, बदल आपला’ हेही कायद्याला मान्य नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले. मूळ मापाचा शॉकअप किंवा बुश बदलणे ही दुरुस्ती आहे. त्यापलीकडचा बदल करण्याआधी आरटीओत चौकशी करावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावे, नाहीतर अपघातानंतर दाव्याच्या वेळी वाद उभा राहतो.