पहिला भाग आवडला नाही. दुसरा पाहावा का?

'२००१ : अ स्पेस ओडिसी' हा स्टॅन्ली कुब्रिक यांचा १९६८ सालचा चित्रपट विज्ञानपटांचा मानदंड समजला जातो. पण तो वर्गात दाखवून पाहा. पहिली सुमारे पंचवीस मिनिटे कोणी एक शब्दही बोलत नाही. मुलांची चुळबूळ सुरू होते. शेवटही उमगत नाही. मग एखाद्या विद्यार्थ्याला वाटते, 'एवढा मोठा चित्रपट मला आवडला नाही, म्हणजे विज्ञान हा माझा प्रांत नव्हे.' अशा मुलाला त्याचा दुसरा भाग, १९८४ सालचा '२०१०', आवर्जून दाखवावा.

पहिला चित्रपट प्रश्न टाकून गप्प बसतो. पीटर हायम्स यांचा दुसरा चित्रपट समजावून सांगतो. त्यासाठी पूर्वपीठिका एवढीच पुरते : डिस्कव्हरी यान गुरूकडे गेले, त्यावरील 'हॅल' या संगणकाने बोमन सोडून सर्व अंतराळवीरांना मारले, आणि बोमन एका काळ्या शिळेपाशी नाहीसा झाला. नऊ वर्षांनी काही अमेरिकी शास्त्रज्ञ 'लिओनॉव्ह' या सोव्हिएत यानातून शोधाला निघतात.

गुरूपाशी पोचताना लिओनॉव्हचा वेग प्रचंड असतो. तो इंजिनाने कमी करायचा तर पुष्कळ इंधन बरोबर न्यावे लागेल. म्हणून फुगवलेल्या कवचाच्या आड राहून यान गुरूच्या वातावरणाच्या वरच्या थरातून जाते. वातावरणाच्या विरोधामुळे गतिज ऊर्जेची उष्णता होते आणि वेग घटतो. वातावरणाचा असा उपयोग पुढे प्रत्यक्षात झाला. १९९३ साली मॅगेलन यानाची शुक्राभोवतीची कक्षा याच तत्त्वाने लहान केली गेली; मात्र एका फेरीत नव्हे, तर सुमारे सत्तर दिवसांत, थोडी थोडी.

डिस्कव्हरी सापडते तेव्हा तिच्यावर गंधकाची धूळ बसलेली असते. ती आयो या उपग्रहाच्या ज्वालामुखींची. हे ज्वालामुखी व्हॉयेजर-१ च्या छायाचित्रांत १९७९ साली दिसले. पहिल्या चित्रपटाला ते ठाऊक असणे शक्यच नव्हते.

हॅल का बिघडला, याचेही उत्तर येथे मिळते. माहिती अचूक द्यायची, हे त्याचे मूळ काम. पण मोहिमेचा खरा हेतू अंतराळवीरांपासून लपवण्याचाही हुकूम त्याला होता. दोन्ही पाळणे अशक्य होते. दोष यंत्राचा की हुकूम देणाऱ्यांचा? संगणकाशी बोलू लागलेल्या आजच्या मुलांनी यावर जरूर वाद घालावा.

शेवटी गुरूचा तारा होतो. येथे मुलांना आकडे द्यावेत. हायड्रोजनचे संमीलन टिकून राहण्यासाठी गुरूच्या सुमारे ऐंशी पट वस्तुमान लागते. चित्रपट ही अडचण कशी ओलांडू पाहतो आणि ते पटते का, हे त्यांनीच ठरवावे.

न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' आवडीने वाचलेले आपल्यापैकी किती जण असतील? तरी त्याचे गतिनियम आपण शिकवतोच. पुढच्या पायरीवर जाण्यासाठी मागच्या पायरीवर प्रेम असावे लागत नाही; तेथे कोणता प्रश्न अनुत्तरित राहिला, एवढे माहीत असले की पुरते.