मतभेद पेलण्याचे शास्त्र

न पटणारे मत बाळगण्याचा दुसऱ्याचा हक्क मनापासून मान्य करणे, ही वैचारिक सहिष्णुता. तिच्यासाठी स्वतःचे मत सोडावे लागत नाही. तरीही ती अवघड जाते, कारण मनाचा कल आधी ठरतो आणि पुराव्याची छाननी त्यानुसार होते.

अमेरिकेतील संशोधक चार्ल्स लॉर्ड, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी १९७९ मध्ये हे दाखवून दिले. त्यांनी मृत्युदंडाचे २४ समर्थक आणि २४ विरोधक असे विद्यार्थी निवडले. प्रत्येकाला दोन अभ्यास वाचायला दिले: एक मृत्युदंडाने गुन्हे घटतात असे सांगणारा, दुसरा घटत नाहीत असे सांगणारा. दोन्ही गटांना आपल्या बाजूचा अभ्यास भक्कम वाटला, विरोधी अभ्यासात दोष दिसले आणि शेवटी दोघेही आपल्या मतावर अधिक ठाम झाले. नुसती माहिती पुरवून मतांमधली दरी बुजत नाही, ती रुंदावूही शकते.

मग मन मोकळे कशाने होते? मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये परक्या गटाविषयीचा पूर्वग्रह घटवणाऱ्या संपर्काच्या चार अटी मांडल्या: समान दर्जा, समान उद्दिष्ट, परस्पर सहकार्य आणि कायद्याचा किंवा संस्थेचा पाठिंबा. थॉमस पेटिग्र्यू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. संपर्काने पूर्वग्रह सहसा घटतो आणि या अटी पाळल्या तर अधिक घटतो, असे त्यांना आढळले.

संपर्क कोणत्या नात्याने येतो, यालाही महत्त्व आहे. अर्थशास्त्रज्ञ मॅट लो यांनी उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींच्या तरुणांचे क्रिकेट सामने भरवून तेच तपासले. मिश्र संघात एकत्र खेळलेल्यांची इतर जातींतील तरुणांशी मैत्री वाढली. प्रतिस्पर्धी म्हणून समोरासमोर आलेल्यांत मात्र तसे घडले नाही.

हे निष्कर्ष एका गावाला लावून पाहू. पुणे जिल्ह्यातील जांबे हे मुळशी तालुक्यातले, हिंजवडी आयटी पार्कच्या परिसरातले गाव. या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारी आणि नोकरीसाठी बाहेरून आलेली कुटुंबे शेजारी राहतात. भाषा, आहार, सण साजरे करण्याची रीत, जमिनीकडे पाहण्याची दृष्टी यांत फरक असणे स्वाभाविक आहे. केवळ शेजारामुळे ऑलपोर्टच्या अटी पूर्ण होत नाहीत. गावपातळीवर मात्र त्यांच्याशी बरीच जुळणारी एक व्यवस्था आहे, ती म्हणजे ग्रामसभा. मतदार यादीतील प्रत्येक जण तिचा सदस्य असतो, म्हणजे दर्जा समान. पाणी, रस्ते आणि कचरा हे प्रश्न सर्वांचे, म्हणजे उद्दिष्ट समान. ७३व्या घटनादुरुस्तीमुळे तिला घटनात्मक आधारही आहे. उरते ते सहकार्य. जुने आणि नवे रहिवासी दोन तट करून बसले, तर प्रतिस्पर्धी संघांचीच गत होते. दोघांच्या मिश्र समित्यांनी एखादे काम मिळून तडीस नेले, तर ही उरलेली अटही पुरी होते.

बोलण्याच्या रीतीनेही फरक पडतो. भारतीय शास्त्रग्रंथांत खंडनाआधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधी मत, मांडण्याची परंपरा आहे. तो विरोधकालाही मान्य होईल इतका प्रामाणिक असला, की वाद माणसाशी न राहता मुद्द्याशी होतो.

या सहिष्णुतेला मर्यादाही आहे. हिंसा किंवा दुसऱ्याचे हक्क हिरावणारी कृती तिच्या कक्षेत येत नाही. त्या मर्यादेच्या आत मतभेद राहावेत आणि कामेही मिळून व्हावीत, हेच सुदृढ समाजाचे लक्षण आहे.