अंगणांतील सिमेंटची फरशी

अंबरनाथच्या शिवमंदिरांतील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. साडेनऊशेंहून अधिक पावसाळे त्या मंदिराच्या काळ्या पाषाणानें सोसले. त्याच अंबरनाथला, तसेंच शेजारच्या उल्हासनगर व बदलापूर येथें, आज पुष्कळ घरांचीं आणि सोसायट्यांचीं अंगणें सिमेंटच्या ठोकळ्यांनीं बांधलेलीं दिसतात. बाजारांत त्यांस पेव्हर ब्लॉक म्हणतात. ते दिसावयास दगडासारखे, म्हणून त्यांस दगडाप्रमाणेंच वागविण्याकडे लोकांचा कल असतो. आणि नेमकें तेथेंच चुकतें.

काळा पाषाण म्हणजे थंड झालेला लाव्हारस. सिमेंटची जात अगदीं निराळी. १८२४ सालीं इंग्लंडांतील लीड्स येथील जोसेफ अ‍ॅस्पडिन यानें ज्या पोर्टलंड सिमेंटचें पेटंट घेतलें, त्याचे मूळ पदार्थ चुनखडी आणि माती हे होत. पाण्याशीं संयोग होऊन सिमेंट घट्ट होतें, तेव्हां त्यांत चुन्याचा कांहीं अंश मोकळा राहतो व अतिसूक्ष्म छिद्रेंहि राहतात. या दोन गोष्टी ध्यानांत ठेविल्या म्हणजे फरशीविषयींच्या बहुतेक तक्रारींचा उलगडा होतो.

नव्या फरशीवर प्रथम पांढुरका थर येतो. घरोघरीं त्यास लोणा म्हणतात. छिद्रांतील पाण्याबरोबर चुना वर येतो, हवेंतील कार्बन डायऑक्साइडशीं मिळतो आणि खडूसारखा पृष्ठभागावर बसतो. कोरड्या राठ ब्रशानें तो झाडावा. उरलेला पावसापाण्यानें कालांतरानें निघून जातो. परंतु तेवढा धीर न धरतां कित्येक घरांतून संडास धुण्याचें अ‍ॅसिड ओततात. फेस येतो, फरशी क्षणभर लख्ख दिसते. तो फेस मळाचा नसतो, चुन्याचा असतो. थराबरोबर फरशीला धरून ठेवणारें सिमेंटच विरघळतें, वाळूचे कण उघडे पडतात, आणि त्या खरबरीत पृष्ठभागावर पुढल्या पावसाळ्यांत शेवाळ अधिकच धरतें.

या भागांत खरा शत्रू शेवाळच. उल्हास नदीच्या खोऱ्यांत पावसाळ्याचे महिने फरशी धड सुकत नाहीं. सकाळीं देवासाठीं फुलें काढावयास गेलेल्या वृद्ध माणसाचा पाय एकदां निसटला, तर खुब्याचें हाड मोडण्यास तेवढें पुरें होतें. शेवाळ आधीं खरवडावें, मग ब्लीचिंग पावडरीचें पातळ द्रावण पसरून पंधरा मिनिटांनीं भरपूर पाण्यानें धुवावें. मात्र जेथें अ‍ॅसिड पडलें असेल तेथें ही पावडर कदापि टाकूं नये. दोहोंच्या संयोगानें क्लोरीन वायु सुटतो. १९१५ च्या एप्रिलांत बेल्जममधील ईप्रच्या रणांगणावर सैनिकांचे प्राण घेणारा वायु तोच.

डागांचे उपाय त्यांच्या प्रकृतीप्रमाणें वेगळे. तेल सांडल्यास चोळूं नये. त्यावर खडूची भुकटी किंवा लाकडाचा भुसा रात्रभर ठेवून तेल शोषूं द्यावें, मग साबणाच्या ऊन पाण्यानें घासावें. बदलापूरकडे जांभळांच्या दिवसांत पडणारे जांभळे डाग ब्लीचिंग पावडरीच्या पातळ द्रावणानें फिके होतात. लोखंडी दाराच्या गंजाचा डाग लिंबाच्या रसानें निघतो. परंतु लिंबू हेंहि आम्लच, म्हणून तें डागापुरतें लावून थोड्याच वेळांत धुऊन टाकावें.

शेवटीं राहिलीं छिद्रें. त्यांच्यासाठीं सीलर मिळतो, त्याचे मुख्य प्रकार दोन. एक फरशीवर चकचकीत पापुद्रा धरतो. त्याखालीं ओल कोंडून तो पांढरा पडतो व पावसांत निसरडा होतो. दुसरा छिद्रांत मुरतो. तो पाणी आंत येऊं देत नाहीं, पण आंतील वाफेस वाट देतो. या ओल्या मुलुखांत दुसराच बरा. दिवाळीनंतर फरशी पुरती सुकल्यावर, लोणा झाडून व ठोकळ्यांच्या सांध्यांत कोरडी वाळू भरून तो लावावा. पुढें दरवर्षीं फरशीवर पाण्याचे चार थेंब टाकून पाहावें. ते मोत्यांसारखे राहिले तर चिंता नाहीं. मुरून काळा डाग उमटला, तर सीलर पुन्हां लावण्याची वेळ झाली असें समजावें.