लष्कराचा खर्च आणि १९५१ चा जाहीरनामा

जोतिबाच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरीला, आमच्या विद्यार्थ्यांचे दोन दिवसांचे अभ्यासशिबिर होते. विषय होता बाबासाहेबांनी लढवलेल्या निवडणुका. पायथ्याच्या एका गावचे निवृत्त सैनिक मागे बसून ऐकत होते. महार रेजिमेंटमध्ये त्यांची उमर गेलेली. शेवटी ते उठून म्हणाले, "सर, आमची पलटण उभी राहावी म्हणून बाबासाहेब इंग्रजांशी भांडले. मग लष्कराचा खर्च कमी करा असं तेच का म्हणाले?"

प्रश्न बिनतोड होता. १९४१ साली बेळगावात महार पलटण उभी राहिली, तीत बाबासाहेबांच्या खटपटीचा मोठा वाटा होता. आणि दहा वर्षांनी, १९५१ च्या ऑक्टोबरात, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा निवडणूक जाहीरनामा आला, त्यात लष्करी खर्चात कपात करण्याची मागणी होती. आपण हिंदू कोड बिलासाठी दिलेला राजीनामा शिकवतो, तो शिकवलाच पाहिजे. पण त्याच राजीनाम्याच्या १० ऑक्टोबरच्या निवेदनातले परराष्ट्र धोरणाचे कारण आपण वगळतो. केंद्राचे वार्षिक उत्पन्न ३५० कोटी, त्यातले १८० कोटी लष्करावर, असा हिशेब त्यांनी तिथे मांडला आहे. म्हणजे रुपयातले आठ आण्यांहून अधिक. उरलेल्यात शाळा, दवाखाने, शेती, सारा देश.

त्यांचा रोख सैनिकावर नव्हता. एवढे सैन्य कशामुळे पोसावे लागते, हा त्यांचा सवाल होता. उत्तरही त्यांनीच दिले: आपल्या धोरणाने मित्र तुटले आणि काश्मीरचा प्रश्न लोंबकळत राहिला. काश्मीरची फाळणी करावी, हिंदू व बौद्ध भाग भारताकडे ठेवावा, मुस्लिम भाग पाकिस्तानला द्यावा; हवे तर सार्वमत फक्त खोऱ्यापुरते घ्यावे. काश्मीरपेक्षा पूर्व बंगालमधल्या आपल्या माणसांचे हाल त्यांना अधिक अस्वस्थ करीत होते. हा तोडगा कुणाला पटेल, कुणाला नाही. पण लढाईची किंमत भुकेल्याच्या ताटातून वसूल होते, हे मतदारासमोर आकड्यांत मांडणारे तेव्हा फार नव्हते.

आणि पैसा आणायचा कुठून, हेही जाहीरनाम्याने लपवले नाही. लष्करी खर्चात कपात, दारूबंदी उठवून अबकारी उत्पन्न वाचवणे, विम्याचे राष्ट्रीयीकरण, आणि मिठावरचा कर पुन्हा बसवणे! १९४७ साली उठलेला कर, ज्याच्यासाठी दांडी गाजली तो कर, मते मागणारा पक्ष परत मागतो. मला ही सूचना आजही घशाखाली उतरत नाही. मीठ विकत घेताना माझी आई पैसे मोजून देत असे. बाबासाहेबांचे म्हणून प्रत्येक वाक्य डोक्यावर घ्यायचे, ही भक्ती झाली. विम्याचे मात्र वेगळे. ती मागणी त्यांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्येच केली होती. विम्याच्या हप्त्यांतून जमणारा पैसा खाजगी मालकाच्या हाती न राहता उद्योग उभारायला सरकारला मिळावा, हा त्यामागचा विचार. १९५६ साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा बाबासाहेब हयात होते. त्याचे श्रेय त्यांना देताना मी कुणाला ऐकलेले नाही.

जानेवारी १९५२ मध्ये उत्तर मुंबईतून, समाजवाद्यांशी युती करून ते उभे राहिले आणि काँग्रेसच्या काजरोळकरांकडून सुमारे चौदा हजार मतांनी पडले. फेडरेशनचे राजभोज मात्र सोलापुरातून निवडून आले.

एवढे सांगून झाल्यावर सैनिक म्हणाले, "म्हणजे आम्हाला कुठं पाठवायचं ते नीट ठरवा, असं त्यांचं म्हणणं." मी इतका वेळ बोललो ते त्यांनी एका वाक्यात आणले होते. मग त्यांनी तो जाहीरनामा वाचायला मागितला. तो मूळ इंग्रजीत. दोन विद्यार्थ्यांनी त्याचा मराठी तर्जुमा अंगावर घेतला आहे. पुढच्या शिबिरात तो मोठ्याने वाचायचा, आणि मिठाच्या कलमावर आधी भांडायचे, असे ठरवून आम्ही डोंगर उतरलो.