बाटलीतला भात आणि खाडीतले मीठ

खाडीचा बांध फुटून खाचरात खारे पाणी शिरले की भाताची पाने टोकाकडून करपत जातात. गोव्याच्या खाजनात कोरगुट हा जुना भात ते खारेपण सोसतो. तसा भात प्रयोगशाळेत घडवता येईल का, या प्रश्नापायी मी ऊतिसंवर्धनाची पुस्तके वाचू लागलो.

रीत ऐकायला सोपी. सोललेला दाणा निर्जंतुक करून पोषक माध्यमावर ठेवतात. त्यात २,४-डी हे संप्रेरक असले की भ्रूणापासून पेशींचा पिवळसर गोळा वाढतो. हा कॅलस. वाढताना काही पेशींच्या जनुकांत आपोआप बदल होतात. लार्किन आणि स्कोक्रॉफ्ट यांनी १९८१ मध्ये पैदासकारांचे लक्ष याकडे वेधले. माध्यमात मीठ घातले की बऱ्याच पेशी तपकिरी होऊन मरतात. तगलेल्यांपासून, संप्रेरके बदलून, रोपे उभी करतात.

माझी फसगत इथेच झाली. तगली ती पेशी क्षारसहनशील, असे मी बरीच वर्षे धरून चाललो. पण पेशी नुसत्या सवयीनेही तगते आणि ती सवय बियाण्यात उतरेलच असे नाही. शिवाय सुट्या पेशीला ना मूळ, ना पान. शेतातला सहनशील भात सोडियम पानांपर्यंत कमी पोचू देतो. ते कसब बाटलीत तपासलेच जात नाही. त्यात कॅलस जुना झाला तर रोपे कमी फुटतात, काही वांझ निघतात. म्हणून बी धरून पुढच्या पिढ्या खाऱ्या मातीतच पारखाव्या लागतात, रोपावस्थेत आणि पुन्हा फुलोऱ्यात. कारण भात मिठाला सर्वांत हळवा असतो तो याच दोन वेळी.