हिराकस, चुनखडी आणि मोसंबीचे पिवळे पान

हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, पाण्यात विरघळले की लोहाच्या प्रत्येक आयनाभोवती पाण्याचे सहा रेणू जमतात. त्यांची पकड सैल असते. ऑक्सिजन किंवा नायट्रोजनच्या अणूंवरील इलेक्ट्रॉनांची जोडी देऊ शकणारा दुसरा रेणू जवळ आला, की पाणी जागा सोडते आणि तो रेणू आयनाला चिकटतो. सजीवांतले अनेक धातू असेच कुणाच्या तरी पकडीत असतात.

जालना जिल्ह्यात अंबड, घनसावंगी, बदनापूरकडच्या मोसंबीच्या बागांत ही पकड सुटल्याचे पानांवर दिसते. चुनखडीच्या जमिनीत कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हरितद्रव्याच्या मध्यभागी चार नायट्रोजन अणूंनी धरलेले मॅग्नेशियम असते, लोह नव्हे. पण लोहाशिवाय हरितद्रव्य तयार होत नाही. मातीत लोह भरपूर असते, तरी झाड उपाशी राहते. कारण तिचा सामू ८ च्या आसपास असतो, आणि सामू एका अंकाने वाढला की पाण्यातले मोकळे फेरिक आयन हजार पटीने घटतात. सामू ६ वरून ८ वर गेला, तर हजार गुणिले हजार.

पिंपात हिराकस कालवणाऱ्या मजुरासमोर हेच घडते. आधी निवळ, हिरवट पाणी. विहिरीचे क्षारयुक्त पाणी मिसळून ते तसेच उभे राहिले, तर तपकिरी गढूळ. तळाशी बसणारा गाळ म्हणजे हातचे गेलेले लोह. उन्हात केलेली ती मेहनत अशी वाया जाताना पाहवत नाही.

चिलेट, म्हणजे धातूला अनेक जागी धरणारे संयुग, इथेच उपयोगी पडते. ईडीटीए हा रेणू धातूला खेकड्याच्या नांग्यांसारखा सहा ठिकाणी धरतो. जस्त त्यात बऱ्यापैकी टिकते. लोहाचे मात्र चुनखडीत जमत नाही: हायड्रॉक्साइड लोहाला ओढून घेते आणि मुबलक कॅल्शियम रिकामी जागा पटकावते. ईडीडीएचए या दुसऱ्या चिलेटमध्ये फिनॉलचे दोन ऑक्सिजनही फेरिक लोहाला धरतात, म्हणून सामू ९ पर्यंत त्या लालभडक संयुगाची पकड सुटत नाही. ते महागही तितकेच.

ज्वारीची मुळे आपले चिलेट स्वतःच स्रवतात. मोसंबीची मुळे मात्र आम्ल सोडतात, फेरिकचे फेरस करून लोह आत घेतात आणि पुढे ते सायट्रेटच्या सोबतीने पानांकडे जाते. चुनखडीतले बायकार्बोनेट ते आम्लच मारून टाकते.

हिराकस शेणखतात काही दिवस मुरवण्याच्या पद्धतीला म्हणूनच अधिक मान मिळायला हवा. ह्यूमिक आम्लांचे असंख्य ऑक्सिजन लोहाला धरून ठेवतात. पकड ईडीडीएचएइतकी घट्ट नसते, पण ती लहान शेतकऱ्यालाही परवडते. असे खत खोडाशी न टाकता तंतुमुळे असतात तिथे, आळ्याच्या कडेने मातीत मिसळावे लागते.