भाड्याची सायकल आणि मोबाइलचा पडदा

यवतमाळ, पुसद, वणी यांसारख्या गावांत एके काळी तासावर सायकल भाड्याने देणारी दुकाने असत. मडगार्डवर क्रमांक रंगवलेल्या सायकली ओळीने उभ्या असत. दुकानदार वहीत नाव आणि वेळ लिहून घेई, भाडे सांगे, चाकातील हवा व ब्रेक पाहून सायकल हाती देई. कोणती सायकल मिळेल, पैसे किती पडतील आणि ती परत कशी करायची, या तीन प्रश्नांची उत्तरे गिऱ्हाइकाला दुकानाच्या दारातच मिळत. लिहिता-वाचता न येणाऱ्याचेही त्यावाचून काही अडत नसे.

शहरांतील नव्या सार्वजनिक सायकल योजनांत हा दुकानदार उरलेला नाही. त्याची जागा मोबाइलच्या पडद्याने घेतली आहे. साहजिकच त्या पडद्याची मांडणी, रंग आणि अक्षरे हा केवळ सजावटीचा विषय राहत नाही. सायकल कोणाला मिळणार आणि कोणाला नाही, हे त्यावरून ठरते.

महाराष्ट्रात या प्रयोगाचे ठळक उदाहरण पुण्याचे. डिसेंबर २०१७ मध्ये औंध परिसर आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात 'झूमकार' कंपनीच्या 'पेडल' सायकली आल्या. पुढच्याच वर्षी 'ओफो', 'मोबाइक' आणि 'युलू' यांनीही शहरात पाऊल टाकले. अ‍ॅप उघडायचे, नकाशावर सायकल शोधायची, तिच्यावरील क्यूआर कोड टिपला की कुलूप उघडायचे, अशी ही पद्धत. 'ओफो'ने २०१८ मध्येच भारतातील गाशा गुंडाळला आणि काही काळातच बहुतेक सायकली रस्त्यांवरून दिसेनाशा झाल्या. मोडतोड, चोरी, सलग सायकलमार्गांचा अभाव अशी त्याची अनेक कारणे होती. पडद्याच्या रचनेवर सारा दोष टाकणे अन्यायाचे ठरेल. मात्र अशी योजना पुन्हा आणायची झाल्यास, जे तुलनेने कमी खर्चात सुधारता येते ते आधी सुधारावे, हे शहाणपणाचे.

पहिला मुद्दा उजेडाचा. अ‍ॅपची रचना वातानुकूलित खोलीत होते, वापर मात्र भर उन्हात. यवतमाळला उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. त्या प्रखर उजेडात पांढऱ्या पार्श्वभूमीवरील फिकट करडी अक्षरे दिसतच नाहीत. संकेतस्थळांच्या सुलभतेचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात, की अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील तफावत किमान ४.५ : १ असावी, मोठ्या अक्षरांसाठी ३ : १ चालते. रस्त्यावर वापरायच्या अ‍ॅपने याहूनही अधिक तफावत राखलेली बरी.

दुसरा मुद्दा रंगांचा. सायकल उपलब्ध असेल तर हिरवा ठिपका, नसेल तर लाल, ही सोय वरवर सोपी वाटते. परंतु लाल-हिरव्यातील भेद न कळणारी माणसे समाजात आहेत आणि त्यांत पुरुषांचे प्रमाण अधिक असते. म्हणून रंगासोबत आकार आणि अंकही हवा. ठिपक्यात '४' लिहिले, की चार सायकली आहेत हे कोणालाही कळते.

तिसरा मुद्दा लिपीचा. अनेक अ‍ॅप आधी इंग्रजीत आखली जातात आणि नंतर त्यांत मराठी शब्द भरले जातात. देवनागरीत रफार, मात्रा, अनुस्वार शिरोरेषेच्या वर, तर उकार खाली जातात. इंग्रजीच्या मापाने ओळी आखल्या, तर वरच्या ओळीतील उकार खालच्या ओळीच्या मात्रांत अडकतात. अगदी बारीक टंकात तर शिरोरेषाही पुसट होते. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्त' व 'बलू' हे टंक सर्वांसाठी विनामूल्य उपलब्ध आहेत. तेव्हा चांगला टंक मिळत नाही, ही सबब आता उरलेली नाही.

चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा पैशांचा. 'थोडा वेळ थांबा' आणि 'सायकल परत करा' ही दोन बटणे एकाच रंगाची, एकमेकांना खेटून असली, की चूक ठरलेलीच. वापरणारा निघून जातो आणि भाड्याचे घड्याळ चालू राहते. परतीचे बटण वेगळे, ठसठशीत आणि बोटाला सहज सापडणारे हवे. अँड्रॉइडच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा जागेची रुंदी सुमारे ९ मिलिमीटर असावी. सायकल परत झाल्यावर एकूण वेळ व आकारलेली रक्कम मोठ्या अंकांत दिसली, की जुन्या दुकानदाराच्या वहीचे काम पूर्ण होते.

उद्या यवतमाळच्या बस स्थानकाबाहेर अशा सायकली उभ्या राहिल्या, तर त्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याला जितक्या उपयोगी पडाव्यात, तितक्याच खेड्यातून रुग्णालयात आलेल्या नातेवाइकालाही. येथे पत्ता चौकाच्या नावाने सांगितला जातो. म्हणून नकाशासोबत 'दत्त चौक', 'बस स्थानक' अशी ओळखीच्या ठिकाणांची यादीही हवी. स्वस्त मोबाइलवर आणि मंद इंटरनेटवर नकाशा उमटेपर्यंत ही यादीच कामी येईल.

हे सारे तपासायला मोठी यंत्रणा लागत नाही. अवघ्या पाच जणांच्या चाचणीतून रचनेतील बहुतेक दोष उघड होतात, असे जेकब नील्सन या तज्ज्ञाने २००० मध्ये मांडले होते. तेव्हा अ‍ॅप बाजारात आणण्यापूर्वी भर दुपारी बस स्थानकावर जावे, वेगवेगळ्या वयाच्या पाच माणसांच्या हाती मोबाइल द्यावा आणि जुन्या दुकानाच्या दारातील तेच तीन प्रश्न विचारावेत. ज्या ठिकाणी बोट अडखळेल, तेथे माणसाला शिकवण्याऐवजी पडदा बदलावा.